पिवळं पाणी

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो शिंकांनी. विहिरीवरचा पंप अजून सुरू झालेला नसायचा, आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, आणि पडवीतून एकामागून एक शिंका ऐकू यायच्या. तिथे वीस-पंचवीस माणसं भिंतीला टेकून ओळीने बसलेली असत. मान खाली, तोंड उघडं, डोळे हळदीसारखे, आणि नाकातून गळणारं पिवळं पाणी पुढ्यातल्या केळीच्या सोपात टपटप पडत असलेलं. केळीचं खोड सोलून काढलेल्या त्या लांब पन्हळी अण्णा आदल्या दिवशीच कापून ठेवायचे. पाणी गळायला लागलं की माणसांच्या तोंडावर दिलासा उतरायचा. इतके दिवस अंगात मुरलेलं काहीतरी डोळ्यांदेखत बाहेर पडतंय, याचा दिलासा. अण्णा ओळीतून सावकाश फिरत, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, "गळू द्या. कावीळ उतरतेय."

अण्णा म्हणजे माझे वडील. वसईजवळच्या वटारला आमची वाडी होती. केळी, पानवेली, कडेने मोगरा, आणि त्यावर घर चालायचं. अण्णा वैद्य नव्हते, चौथीपुढे शिकलेलेही नव्हते. काविळीचं हे औषध त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलं होतं आणि त्यासोबत तीन अटी आल्या होत्या. वेलीचं नाव बाहेर सांगायचं नाही, औषधाबद्दल नारळसुद्धा घ्यायचा नाही, आणि दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. या अटी त्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळल्या होत्या, की वेलीला आम्ही घरातही 'वेल' एवढंच म्हणायचो. आमच्या घरची बोली वेगळी होती. ती तशीच कागदावर उतरवायला गेले तर माझ्या स्वतःच्या नातवंडांना कळणार नाही, म्हणून घरच्यांचं बोलणं मी सरळ करून लिहिते आहे. पण अण्णांचा तो "गळू द्या" मात्र कोणत्याही बोलीत तसाच राहतो.

वेलीची फळं आणायची ती रानातल्या पाड्यावरची रखमी. थंडी सरत आली की चिंचोटीच्या रानातून ती टोपली डोक्यावर घेऊन चालत यायची. सुपारीएवढी, अंगभर राठ काटेरी केस असलेली वाळकी फळं. आई तिला पोटभर जेवायला वाढायची, तांदूळ आणि लुगडं द्यायची, आणि ती अंगणात पाय पसरून बसून सगळ्या रानाच्या बातम्या सांगायची. एकदा मी तिला विचारलं, "रखमी, तुमच्या पाड्यावर कावीळ झाली की तुम्ही किती थेंब घालता गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमी नाय घालत बाय," ती म्हणाली. "आमच्यात कोनी नाय घालत. निजून ऱ्हातो, पानी पितो. हा येल तर बकरी पन नाय खात." मी हसले आणि विसरून गेले. तेव्हा मी शाळेत होते. रानात राहणाऱ्या बाईपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं वाटण्याचं ते वय.

घरात आम्ही सहा माणसं. अण्णा, आई, माझा मोठा भाऊ दिगू, त्याची बायको कुंदावहिनी, त्यांची तीन वर्षांची मीना आणि मी. दिगूभाऊ पहाटे पानांचे करंडे घेऊन बाजाराला जायचा. वहिनी नायगावची, खाडीकाठची. आमच्या घरात येईपर्यंत तिने केळी फक्त खाल्ली होती, पण दोन वर्षांत सुकेळी करण्यात तिने आईला मागे टाकलं. राजेळी जातीची केळी पिकली की सोलून ती मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, आणि संध्याकाळी पदराने माश्या वारत ती मांडव उतरवताना काहीतरी गुणगुणायची. साऱ्या घराला त्या सुकणाऱ्या केळ्यांचा गोड, थोडा आंबूस वास असायचा. थंडीत ती उकडहंडी लावायची. कोनफळं, वालाच्या शेंगा, सगळं एका मडक्यात. झाकण उघडलं की पहिला घास मला द्यायची, कारण मी मुंबईहून दमून आलेली असायची. वहिनी माझ्याहून एकच वर्षाने मोठी होती. मी शिकत होते आणि ती माझी ताटं वाढत होती, याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. मला आज वाटतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि माझ्या मार्गदर्शक होत्या कुटिन्हो मॅडम. त्या वसईच्याच, आमच्या गावापासून दोन-तीन गावं पलीकडच्या. आपल्या भागातल्या रानात लोक औषध म्हणून जे पाला, मुळ्या, फळं वापरतात, ती गोळा करायची, त्यांचे अर्क काढायचे आणि त्यात नेमकं काय आहे, ते शरीराला सोसतं का, हे तपासायचं, असं त्यांचं काम चाललं होतं. आमच्या घरच्या औषधाचं त्यांना माहीत होतं. त्या अण्णांना येऊन भेटल्या. अण्णा सहज फळं देतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते म्हणाले, "नाव कुठे छापायचं नाही. बाकी तपासा. औषध खरं असेल तर तपासायला कशाची भीती? उलट तुमचा शिक्क्याचा कागद मिळाला तर डॉक्टर लोक हसायचे थांबतील."

परत जाताना मॅडम मला म्हणाल्या, "लहानपणी मलाही तुझ्या आजोबांनी हे दिलं होतं. कावीळ बरी झाली. पण तेव्हापासून मला वास येत नाही."

"अजिबात?"

"अजिबात. त्याच औषधाने गेला की आणखी कशाने, मला सांगता यायचं नाही. अण्णांना मात्र हे बोलू नकोस."

प्रयोगशाळेत मी फळांचा भुगा केला. काचेच्या उपकरणात गरम अल्कोहोलने तो पुन्हा पुन्हा धुऊन काढला, तेव्हा तळाशी काळपट, चिकट अर्क उरला. त्याचा कण जिभेला लागला तर दुपारचं जेवण कडू लागायचं. शिवाय अण्णा करत तसाही एक अर्क केला, रात्रभर मातीच्या वाडग्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळलेला. पण माझ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न होता, आणि तो इतका साधा होता की इतक्या वर्षांत तो कोणी विचारला कसा नाही याचं नवल वाटत होतं. नाकातून गळतं त्या पिवळ्या पाण्यात काविळीचा रंग असतो का? काविळीत अंगात जो पित्ताचा रंग साठतो, तो ओळखण्याची परीक्षा आम्ही बी.एस्सी.लाच शिकलो होतो. परीक्षानळीत जपून तीव्र आम्ल घ्यायचं आणि त्यावर नमुना सावकाश सोडायचा. पित्ताचा रंग असला तर दोन्ही जिथे टेकतात तिथे हिरवी, निळी, जांभळी, तांबडी अशी वलयं उठतात.

एका रविवारी मी तीन रोग्यांचं ते पाणी बाटल्यांत धरलं. त्यांची लघवीही मागून घेतली. अण्णांनी कौतुकाने पाहिलं. सोमवारी लघवीत वलयं उठली, मोराच्या पिसासारखी. नाकातल्या पाण्यात एकही रंग उठला नाही. उठलं ते फक्त एक पांढरं, दह्यासारखं कडं. म्हणजे त्यात होतं ते प्रथिन, भाजलेल्या कातडीच्या फोडातून येतं तसलं. पुढच्या रविवारी मी नमुने पुन्हा घेतले, परीक्षा पुन्हा केली. पुन्हा पांढरं.

मग मी एक वेडेपणा केला. मला कावीळ नाही, याची आधी तपासून खात्री केली आणि अण्णांच्या पद्धतीने केलेल्या अर्काचे दोन-दोन थेंब स्वतःच्या नाकात घातले. मिरचीची धुरी कवटीत कोंडल्यासारखं झालं. डोळे फुटतील असं वाटलं. अर्ध्या तासाने नाक गळायला लागलं, आणि बेसिनमध्ये पडत होतं ते पिवळं होतं. पडवीतल्या कोणाही माणसाइतकंच पिवळं. मी त्या पाण्याकडे बघत उभी राहिले आणि आमच्या घरातले सगळे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मॅडम तास संपवून आल्या, मला बघून आधी चिडल्या, मग खुर्ची ओढून मला बसवलं, आणि माझ्या हातातली बाटली घेऊन ती परीक्षा त्यांनी स्वतः केली. पांढरं कडं. त्यांनी नळी ठेवून दिली आणि म्हणाल्या, "झालं. आता उंदरांचं काय ते येऊ दे."

उंदरांची चाचणी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मॅडमच्या मैत्रिणीकडे होती. तिथे पिंजऱ्यांत पांढरे उंदीर असत. अर्काची मात्रा हळूहळू वाढवत जायचं आणि काय होतं ते लिहायचं. एकदा मी मॅडमबरोबर गेले तेव्हा पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात चार उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते आणि त्यांच्या नाकाशी लाल सुकलेलं होतं. अहवाल आला तो एका पानाचा. थोड्या मात्रेत नाकाची आणि आतड्याची आतली त्वचा सोलवटते, जास्त मात्रेत आत रक्तस्राव होऊन प्राणी मरतात, औषध म्हणून नाकात घालणं सुरक्षित नाही. शिक्का होता. अण्णांना हवा होता तसला.

तो कागद घेऊन मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या. एकटीने वडिलांना सांगायची माझी छाती नव्हती. दुपारची वेळ होती. वहिनीने चहा आणि सुकेळी ठेवली. तिला सहावा महिना होता आणि ती आतबाहेर करताना कमरेवर हात ठेवत होती. आई आणि भाऊ घरी नव्हते; वहिनी मागल्या मांडवाकडे गेल्यावर मॅडमनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग माणसं बरी कशी होतात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बरीचशी कावीळ आपली आपण उतरते, अण्णा. तुम्ही तेल-तूप बंद करता, निजून राहायला सांगता, ते चांगलंच आहे."

"सगळ्यांचीच उतरते?"

"नाही. काहींची नाही उतरत."

"माझ्याकडे तर कोणी तसं आलं नाही परत."

"ती माणसं परत येणार नाहीत," मॅडम हळू म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला दिसली नाहीत."

अण्णांनी खुंटीकडे पाहिलं. बऱ्या झालेल्या माणसांनी पाठवलेली कार्डं तिथे तारेत ओवून ठेवलेली होती. जाडजूड गुच्छ होता तो. "लोक कळवतात," ते म्हणाले. चहा तसाच ठेवून अण्णा उठले आणि वाडीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वही आणून दिली. आलेल्या रोग्यांची नावं-गावं ते वहीत टिपून ठेवत, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पोस्टातून जोडकार्डं आणली होती, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली. "ज्यांचं कार्ड आलं नाही त्यांना लिही," ते म्हणाले. "प्रकृती कशी आहे एवढंच विचार." मी कित्येक संध्याकाळी ती कार्डं लिहीत होते. सगळ्यांची उत्तरं आली नाहीत. आली त्यांतली पुष्कळ बरी होती. तब्येत चांगली आहे, आळसाने कळवायचं राहिलं, माफी असावी. पण काही कार्डांचे कोपरे फाडलेले असत, आणि आमच्याकडे फाटक्या कोपऱ्याचं पत्र म्हणजे कोणी गेल्याची खबर, हे लहान पोरालाही कळतं. डहाणूकडचं एक आलं होतं. अक्षर वळणदार, शाळामास्तराचं असावं. 'आपण आठवणीने चौकशी केलीत, समाधान वाटले. मुलगा त्याच आठवड्यात वारला. नाकातून रक्त थांबले नाही. आपल्या औषधाला दोष नाही, आमचे नशीब.' ते कार्ड अण्णांनी दोनदा वाचायला लावलं. मग माझ्या हातातून घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कोणी तरी शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

तरी पुढच्या रविवारी त्यांनी औषध दिलं. त्याच्या पुढच्याही. हे मला लपवायचं नाही. सुरतेहून, नाशिकहून आलेली माणसं पहाटेपासून अंगणात बसलेली असत, आणि त्यांना काय सांगून परत पाठवायचं हे अण्णांना कळत नव्हतं. थेंब मात्र चाराचे दोन झाले. पाठीवर हात ठेवायचे ते ठेवत होते, पण "कावीळ उतरतेय" हे शब्द आता तोंडातून निघत नव्हते.

दिवाळी होऊन गेली आणि वहिनीचं जेवण तुटलं. फोडणीचा वास आला की ती उठून मागल्या दारी जायची. पोटुशी बाई, होतं असं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गुरुवारी सकाळी ती मला डबा द्यायला आली आणि दारातल्या उजेडात तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा मला दिसला. आईनेही त्याच वेळी पाहिला. "अगो बाई," आई म्हणाली, "पण आता रविवार काय, तीन दिवसांवर." तिच्या बोलण्यात काळजी नव्हती. औषध घरातच होतं. अण्णा ओट्यावर पानांच्या जुड्या बांधत होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेत माझा एक अर्क अर्धवट होता. मी डबा घेतला आणि गेले.

आयुष्यात पुढे मी पुष्कळ चाचण्या केल्या. औषधांच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, माझ्या सहीवाचून मालाच्या पेट्या हलत नसत. शंका आली की मी माल थांबवत असे आणि साहेबाशी भांडत असे. लोक म्हणायचे, बाई फार कडक. त्या गुरुवारी माझ्या हातात अहवाल होता, डोळ्यांपुढे माणूस होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. अण्णांनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि बहुधा मी सांगावं असं अण्णांना.

रविवारी पडवीत माणसं बसली. अण्णा वाटी आणि कापसाचा बोळा घेऊन ओळीतून जाऊ लागले. ओळीच्या शेवटी वहिनी बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, पुढ्यात तिने स्वतः आणून ठेवलेला केळीचा सोप. तोवर तिचा चेहरा, तळहात, सगळं पिवळं झालं होतं. अण्णा एकेकाला थेंब घालत तिच्यापाशी आले. तिने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. अण्णा वाटी हातात धरून उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की तिने डोळे उघडले.

"कुंदे, तू ऊठ," ते म्हणाले.

"का? मला द्या की, अण्णा."

"तुला नाही द्यायचं. तुला इस्पितळात न्यायचंय. ऊठ."

"माझं काय चुकलं?" ती म्हणाली. हे तिने का विचारलं असेल, मला अजून कळलेलं नाही. आवाज अगदी लहान मुलीसारखा होता.

पडवीतली माणसं गळत्या नाकांनी बघत होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दिगूभाऊ अंगणातून वर आला आणि म्हणाला, "अण्णा, काय चाललंय? साऱ्या मुलखाला देता आणि तिला नाही?" अण्णांनी वाटीतलं औषध अंगणात ओतलं आणि टांगा आणायला सांगितलं. ते असं का करत होते ते तिथल्या माणसांत एकट्या मला माहीत होतं. आणि तिच्या आधी बसलेल्या सगळ्यांना त्यांनी तेच औषध दिलं होतं, हेही मला दिसत होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते, "डोळे कधी पिवळे झाले?" भाऊ म्हणाला, गुरुवारी. "मग गुरुवारी का नाही आणलं?" पोटुशी बाईची कावीळ वेगळी असते, झपाट्याने चढते, असं ते म्हणाले. सोमवारी वहिनी असंबद्ध बोलायला लागली. मीनाला हाक मारायची आणि मीना समोर आणली तर ओळखायची नाही. मंगळवारी मूल गेलं. मुलगा होता. बुधवारी दुपारी, आई तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत असताना, ती गेली. मी बाहेर डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, "तीन दिवस आधी आणलं असतं तर?" ते दमलेले होते. म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तरीही नाही. पण आणायला हवं होतं."

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. नायगावचे लोक अंगणात बसले होते, वहिनीची आई भिंतीकडे तोंड करून. जेवणं व्हायची होती. दिगूभाऊ सगळ्यांसमोर अण्णांपुढे जाऊन उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही.

"एकच सांगा. तिला का नाही दिलंत?"

मी मीनाला कडेवर घेऊन दारात उभी होते. अण्णांनी एवढंच म्हणायचं होतं, की तुझ्या बहिणीने तपासून सांगितलं, ते विष आहे. माझं नाव येणार म्हणून मी मीनाला घट्ट धरलं.

"माझं धाडस झालं नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवसापासून गावात आणि नात्यात एकच गोष्ट पक्की झाली. त्या घरच्या औषधाने हजारो माणसं बरी होतात, सुनेला सासऱ्याने दिलं नाही म्हणून ती गेली. आमच्या औषधावर लोकांचा जेवढा विश्वास त्यानंतर बसला तेवढा पूर्वी कधीच नव्हता.

अण्णांनी उरलेली फळं वाडीच्या टोकाला नेऊन जाळली आणि औषध बंद केलं. माणसं येत राहिली. ते ओट्यावर बसून प्रत्येकाला सांगत, दवाखान्यात जा, रक्त तपासून घ्या. लोक हात जोडत, रडत, एका बाईने तर पोर त्यांच्या पायांवर घातलं. त्यांनी पोर उचलून तिच्या हातात परत दिलं. असे दोन-तीन महिने गेले. मग एका रविवारी मला पुन्हा शिंका ऐकू आल्या. मागच्या अंगणात, पंपाच्या खोलीपाशी. दिगूभाऊ स्वतः चिंचोटीला जाऊन रखमीकडून वेल ओळखून आला होता. औषध करायचं कसं हे त्याला लहानपणापासून पाहून माहीत होतंच. त्याने चार थेंब सुरू केले. अण्णांचे वडील देत तेवढे.

"तुम्ही त्याला अडवत का नाही?" मी अण्णांना विचारलं.

"त्याचं माणूस माझ्या हातून गेलं," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने अडवू?"

"तुमच्या हातून नाही गेलं."

"हे त्याला सांगणार कोण?" असं म्हणून ते पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहत राहिले. मी खाली पाहिलं.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले, नोकरी लागली. घरी यायची ती सणावारी. पुढच्या ओट्यावर अण्णा एकटे बसलेले आणि मागच्या अंगणात माणसांची रांग, असं ते घर पुढे कित्येक वर्षं होतं. बापलेक एका पंक्तीला जेवायचे, वाडीतल्या कामापुरतं बोलायचे. त्या कागदाचं अण्णांनी भावाला अखेरपर्यंत सांगितलं नाही.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला मी वटारला होते. नेमका रविवार होता. नदीवर जायला वेळ होता. भाऊ स्वयंपाकघरात एकटा, फडक्याने औषध गाळत बसला होता. सुतक असलं तरी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे त्याने ठरवलेलं होतं. मी त्याच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. परीक्षानळ्या, उंदीर, माझ्या स्वतःच्या नाकातलं पिवळं पाणी, जोडकार्डं, गुरुवार. अण्णांनी माझ्या सांगण्यावरून औषध दिलं नाही आणि माझं नाव घेतलं नाही, हेही. तो गाळायचा थांबला नाही. शेवटचा थेंब पिळून त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"हे आज सांगतेस," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस, तर मी गुरुवारी नेली असती तिला."

त्याने वाटी उचलून पुढ्यात घेतली. त्याचे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. मग म्हणाला, "बाहेर तीस माणसं बसलीत. मी त्यांना काय सांगू? तू सांग जा."

मी गेले. मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत ती सगळी बसली होती, पुढ्यात सोप घेऊन. मी मोठ्याने, स्पष्ट बोलले. म्हणाले, मी या घरची मुलगी आहे, मी हे औषध प्रयोगशाळेत तपासलं आहे, पिवळं पाणी म्हणजे कावीळ नव्हे, नाकाची कातडी जळून येणारं पाणी आहे, याने माणसं दगावलेली आहेत, आत्ता उठा आणि दवाखान्यात जा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कोणी वाद घातला नाही, कोणी हसलं नाही. एकदोघांनी मानही डोलावली. मी थांबले तेव्हा सगळी तशीच बसलेली होती. रांगेतला एक म्हातारा थोडा सरकला, शेजारची जागा त्याने पंच्याने झटकली आणि मला म्हणाला, "घरात वडील गेले म्हणतात, त्रास होतो. उन्हात उभी राहू नकोस पोरी. बस इथे."

भाऊ वाटी घेऊन दारात आला. तो माझ्याकडे बघत काही क्षण थांबला. मग पहिल्या माणसाने मान मागे टाकली, आणि मी वाटेतून बाजूला झाले.